गच्चीवरचा माळ

यंदा अविधवा नवमीचा म्हाळ धाकट्यांच्या घरी होता. सरोजिनीने सकाळपासून दाराची कडी इतक्यांदा डेटॉलने पुसली होती, की येणाऱ्याला आपण जेवायला आलोय की दवाखान्यात, हे कळायला मार्ग नव्हता.

एरवी हा म्हाळ दरवर्षी थोरल्यांकडे, कोपरखैरण्याला व्हायचा. पण सासूबाईंचा, म्हणजे गोजराबाईंचा, एकुलता एक फोटो वाटणीत दिलीपकडे, सरोजिनीच्या नवऱ्याकडे, आला आणि त्यावरून थोरल्या जाऊबाईंनी, पुतळाबाईंनी, जे तोंड फिरवलं ते अजून तसंच होतं. "फोटो तिच्याकडं, तर पान वाढायचं बी तिच्याकडंच हू दे," असं त्यांनी गणपतीत सगळ्यांदेखत सुनावलं होतं. सरोजिनीने ते मनाला लावून घेतलं. गवार, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी, कढी, वडे, खीर, सगळं एकटीने रांधलं. कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढीच तिची जिद्द होती.

आणि नेमका त्याच सुमाराला सुरतेत प्लेग आला.

क्षिप्रा सुरतेत होती. कापडाचं तंत्र शिकायला गेलेली, हॉस्टेलात राहणारी एकुलती एक लेक. टीव्हीवर सुरत स्टेशनातली पळापळ दाखवली तेव्हापासून हॉस्टेलचा फोन लागत नव्हता. मग सरोजिनीने आपल्या हातात होतं ते केलं. पाणी उकळलं, ते गार झालं की पुन्हा उकळलं. कापराच्या पुरचुंड्या शिवून एकेकाच्या गळ्यात बांधल्या. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर तर असा केला की समोरची सलिमा पाण्याची बादली घेऊन धावत आली. दिलीपने बेलापूरच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळवल्या होत्या, त्या लोखंडी कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी कुलपात बसल्या होत्या. किल्ली सरोजिनीच्या कमरेला. पण छातीत धडधडायला लागलं की यातलं काही कामाला यायचं नाही. मग ती देवापुढे उभी राहून एकच मागायची, पोर तेवढी घरी येऊ दे.

या बाबतीत घरात तिला एकच जोडीदार होता, तो म्हणजे तिचे सासरे. कृष्णातअण्णांचा जन्मच मुळी प्लेगातला. गावात उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव घरांना कुलपं लावून माळावर गेलं होतं, झोपड्या घालून राहिलं होतं, आणि तिथल्याच एका झोपडीत अण्णा जन्मले. "प्लेगला पुरून उरलेला माणूस हाय मी!" हे त्यांनी लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, जिथे चार कान भेटतील तिथे सांगितलं होतं. पण प्लेग खरोखर शेजारच्या राज्यात आला तसे त्यांच्या तोंडावर एकावर एक दोन रुमाल आले. चहासुद्धा ते रुमाल जरासा उचलून बशीतून आत सोडायला लागले. कापराची एक पुरचुंडी त्यांनी गोजराबाईंच्या फोटोच्या खिळ्यालाही अडकवली होती.

"अण्णा, आईला आता काय होणारे?" दिलीपने विचारलं.

"तुला काय कळतंय! आसू दे," अण्णा रुमालाआडून म्हणाले.

जेवणाच्या सुमाराला थोरले दीर शहाजीभाऊजी आणि पुतळाबाई आले. भाऊजींचं पावण्याच्या एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप होतं. माणूस मोजकं बोलणारा, कारण घरात बोलण्याचं खातं पुतळाबाईंकडे होतं. पुतळाबाईंनी तोंडाला रुमाल नाही, पदर नाही, सरळ आत येऊन नाक वर केलं.

"काय गं सरोज, म्हाळाच्या घरात वड्याचा वास यावा, हितं दवाखाना येतोय नाकात."

"आक्का, काळजी घ्यायला नको?" सरोजिनी म्हणाली.

"घे की. पर वडा मरू देऊ नगं त्यात." मग त्यांनी पाटांवरून नजर फिरवली. "सवाष्ण कुठाय?"

सरोजिनी याच प्रश्नाला भीत होती. सासूबाई अहेव गेल्या, म्हणून नवमीला त्यांच्या नावाने सवाष्ण जेवायला घालायची, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी तोंड हलवायचं नाही, अशी या घरची रीत. "खालच्या कदमबाईंना सांगितलं होतं. सकाळी निरोप आला. त्या सध्या कुणाच्याच घरी जात नाहीत म्हणाल्या."

"म्हंजे आत्याबाईंचा पाट रिकामा?" सासूला पुतळाबाई आत्याबाईच म्हणायच्या, फोटोतल्यासुद्धा.

"वहिनी, आता कोण येणारे दुसऱ्याकडे जेवायला? सगळीकडे तेच टेन्शन आहे," दिलीप मध्ये पडला.

"वर्कशॉपातली निम्मी पोरं गावाला पळाली," शहाजीभाऊजी म्हणाले, आणि एवढ्यात दारावरची बेल वाजली.

कदमबाईंचं मन बदललं असेल, अशा आशेने सरोजिनी खिरीची पळी हातात घेऊनच दाराकडे धावली. दारात क्षिप्रा उभी होती. पाठीला बॅग, तोंडाला ओढणी, केसांत धुळीचा थर, आणि ओढणीच्या वर डोळे हसणारे.

"आई! कसली भूक लागलीय माहितीये?"

किती दिवस मागितलेलं देवाने दारात आणून उभं केलं होतं. आणि सरोजिनीचा पाय मागे गेला.

एकच पाऊल. पळीतली खीर फरशीवर सांडली, एवढाच काय तो आवाज झाला. पण क्षिप्राने ते पाऊल पाहिलं. तिचे डोळे क्षणभर हसायचे थांबले. मग ती स्वतःच जिन्यापर्यंत मागे सरकली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "बरोबर आहे, आई. मी गच्चीवर जाऊन बसते. ताप-बिप काही नाहीये मला. बाबा, तुम्ही डॉक्टरांना घेऊन या, ते काय सांगतील तसं करू." आणि बॅग सावरत वर गेली.

दिलीप चपलासुद्धा न घालता डॉक्टरांकडे पळाला. घरात मात्र एकच गलका उडाला. अण्णा बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडायला लागले, "शहाजी, मला आत्ताच्या आत्ता तुझ्याकडं घेऊन चल!"

"अण्णा, थांबा जरा. सरकारी दवाखान्यात सोय केलीय म्हणे. तिथं टाकू तिला," शहाजीभाऊजी म्हणाले.

"टाकू?" पुतळाबाई गरजल्या. "पोरगी हाय का पार्सल?"

सरोजिनी यातलं काही ऐकत नव्हती. ती उंबऱ्यापाशी बसून सांडलेली खीर पुसत होती. पुसली, डेटॉल ओतलं, परत पुसली. हात थांबत नव्हते. पुतळाबाई शेजारी येऊन टेकल्या तेव्हा तिला वाटलं, आता टोमणा येणार. आज त्यांच्या हाती आयतं कोलीतच दिलं होतं तिने. पण पुतळाबाईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"बास कर. फरशी झिजंल."

"आक्का, मी मागे सरले."

"बगितलं मी."

"माझी पोर आहे हो ती. रोज देवाकडे मागत होते. आणि ती आली तर मी..."

"भ्यालीस. भ्यालेलं माणूस मागंच सरतंय, पुढं कोण जातंय? त्यात रडायसारकं काय न्हाई." पुतळाबाईंनी फडकं पिळलं. "आता व्हतीस तितं परत यायचं, एवढंच."

वाटणी झाल्यापासून जाऊबाई सरोजिनीशी एवढं एकदम बोलल्या नव्हत्या.

सेक्टरातले डॉक्टर आले, वर जाऊन आले. त्यांनी दारातूनच सांगितलं, पोरीला ताप नाही, छाती स्वच्छ आहे. पण सुरतेहून आलीय तेव्हा आठवडाभर लांब ठेवायची, गोळ्या चालू करायच्या. "आणि हो, खिडक्या लावून धूर करू नका. मोकळी हवा पाहिजे. गच्ची उत्तम आहे. एका माणसाने तिच्यासोबत राहावं, त्यानेही गोळ्या घ्याव्यात. बाकीच्यांनी चार हात लांब. घाबरू नका." शेवटचे दोन शब्द ते इतक्या घाईने जिना उतरत म्हणाले, की कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

"एकटी ऱ्हाईल की वर," अण्णा बाल्कनीतून म्हणाले. "डबा पोचवू. दोरीनं."

पुतळाबाई कमरेवर हात ठेवून बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या. "अण्णा, गाव माळावर गेलं तवा कुणाला एकट्याला काढलं व्हतं का?"

"न्हाई. सगळं गावच गेलं व्हतं. किती येळा सांगितलंय."

"ज्येच्या घरात प्लेगची गाठ आली त्यो बी?"

"त्यो बी. झोपड्या लांब लांब घातल्या व्हत्या. पर माळ एकच."

"आन तुमच्या येळंला तुमच्या आईच्या काखंत गाठ व्हती. मग झोपडीत तिच्यापाशी कोण बसलं व्हतं?"

अण्णांनी दोन्ही रुमाल नाकावर ओढले. ही गोष्ट ते नेहमी 'देवाची कृपा' म्हणून इथेच आवरती घ्यायचे. त्या देवाच्या रूपात कोण आलं होतं, ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आत्याबाईंनी सांगितलंय मला," पुतळाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"थोरली चुलती," अण्णा रुमालाच्या आत पुटपुटले. "बोलत नव्हत्या दोगी. घराच्या भिंतीवरनं भांडान व्हतं. पर तीच आत गेली. तिनंच मला हातात घेतला पयला." मग म्हणाले, "तिला काय बी झालं न्हाई. आई बी वाचली."

पुतळाबाईंनी सरोजिनीकडे पाहिलंही नाही. पदर खोचला आणि फर्मान सोडलं, "म्हाळ गच्चीवर. तसं बी कावळ्याचं पान वरच ठेवायचं हाय. उचला पातेली!"

सलिमाचा नवरा सादिक सोसायटीचा सेक्रेटरी होता. गलका ऐकून तो बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहरा केला. "गच्चीवर पार्टी करायला बंदी आहे, दिलीपभाई."

"पार्टी कसली? म्हाळ आहे."

"म्हाळाला बंदी नाही," सादिक म्हणाला आणि स्वतःच पुढे झाला. गणपतीच्या मांडवाची ताडपत्री नि बांबू अजून टाकीमागे पडलेले होते, ते त्याने आणि शहाजीभाऊजींनी मिळून दोन ठिकाणी बांधले. एक सावली घरच्यांना, एक क्षिप्राला. सलिमाने कपडे वाळत घालायची दोरी दिली, ती मधून आडवी बांधली. मग जिन्यावरून वरात निघाली. पुढे पुतळाबाई खिरीचं पातेलं घेऊन, मागे शहाजीभाऊजी वड्यांची परात घेऊन, मग पाट-पानं घेऊन दिलीप, मग कढी सांभाळत सरोजिनी, आणि सगळ्यांत शेवटी, आपण येणार नाही असं तीन मजले बजावत, गोजराबाईंचा फोटो छातीशी धरून अण्णा.

क्षिप्रा आपल्या ताडपत्रीखाली बॅगेवर बसली होती. डोळे पुसल्याच्या खुणा चेहऱ्यावरच्या धुळीत स्पष्ट दिसत होत्या. सरोजिनीला त्या दिसल्या आणि कढीचं पातेलं हातात जड झालं.

"अरे? अख्खं घरच आलं वर?" क्षिप्रा उभी राहिली.

"माळावर आलोय, घर सोडून," दिलीप म्हणाला. "तुझ्या आजोबांची परंपरा."

वर वारा छान होता. एका बाजूला पारसिकचा डोंगर हिरवागार, दुसऱ्या बाजूला खाडी. अण्णांनी फोटो टाकीला टेकवून ठेवला, कठड्यावर कावळ्याचं पान मांडलं आणि सगळे दोरीच्या अलीकडे बसले. मग दिलीपने विचारलं, "आलीस कशी पण तू?"

"वापीपर्यंत ट्रकनं. आम्ही हॉस्टेलच्या सात-आठ मुली, आणि ट्रकमध्ये काय, तर सुक्या मिरच्यांची पोती!" क्षिप्राला सांगतानाच हसू यायला लागलं. "सगळ्या शिंकतोय. एकीची थांबली की दुसरीची सुरू. नाक्यावर पोलिसांनी ट्रक अडवला, ताडपत्री वर केली, आणि आतून एकदम आठ शिंका! काका, त्या पोलिसाची काठी तिथेच राहिली. तो जो पळाला..."

शहाजीभाऊजी आयुष्यात पहिल्यांदा खो खो हसले. दिलीप हसला, पुतळाबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. अण्णांचे दोन्ही रुमाल हसण्याने वर-खाली होत होते. सरोजिनीही हसली, आणि हसता हसता तिला वाटलं, ही पोर ते पाऊल पाहून वर आली, एकटी रडली, आणि आता आम्हालाच हसवतेय.

"आता सवाष्ण," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी पाट उचलला, वाढलेलं पान उचललं आणि थेट दोरीपलीकडे, क्षिप्राच्या शेजारी नेऊन मांडलं. "आत्याबाई आज असत्या तर हितंच बसल्या असत्या. डॉक्टर बी म्हणालाय, एकीनं संग ऱ्हायाचं. मीच बसते. माझी पोरं मोठी झाली, माझी वाट बघणारं कोण न्हाई."

"आणि मी?" शहाजीभाऊजी म्हणाले.

"तुमी काय, लेथलाच बायको कराल."

पुतळाबाईंनी निऱ्या आवरल्या आणि पाटावर बसायला वाकल्या. सरोजिनीच्या छातीत तीच धडधड सुरू झाली. भीती कुठे गेली नव्हती. दोरी होती तिथेच होती आणि प्लेग होता तिथेच होता. पण आज त्या पाटावर दुसरं कुणी बसलं तर ते पोरीला जन्मभर लक्षात राहील, आणि तिला स्वतःलाही. हे तिला इतकं लख्ख कळलं की ती उभी राहिली तेव्हा आपण उभ्या राहिलोय हेच तिला उशिरा समजलं.

"आक्का, उठा. तो पाट माझा आहे."

पुतळाबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. "बग हां. आठ दिस हितंच ऱ्हायाचं. गोळ्या घ्यायच्या."

सरोजिनीने कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "लोखंडी कपाटात आहेत. डब्याच्या शेजारी. तुम्हीच काढून आणा. आणि तोवर घर तुम्हीच बघायचं."

ती किल्ली आजवर दिलीपच्याही हातात गेली नव्हती. पुतळाबाईंनी ती मुठीत घट्ट धरली, पदराला बांधली आणि दोरीच्या अलीकडे आल्या. सरोजिनी दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

"आई, जरा लांब बस ना," क्षिप्रा घाईने म्हणाली. "खरंच. उगाच रिस्क नको."

"एकीनं सोबत बसायचं असं डॉक्टरच म्हणालेत. ती एक मी." सरोजिनी पाटावर बसली. तिने हात पोरीच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं, धुळीने चिकट झालं होतं. "ताप नाही. आणि हे केसांचं काय केलंयस? मिरच्या निघतील यातून."

"अगं पहिला घास घे की! माणसं खोळंबलीत!" पलीकडून अण्णा ओरडले. भुकेपुढे प्लेगाचं काही चालेना. त्यांचे दोन्ही रुमाल केव्हाच हनुवटीखाली आले होते.

सरोजिनीने वड्याचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला. सगळी रांग तिच्या हाताकडे बघत होती. तो हात तिच्या तोंडाकडे निघाला, मध्येच वळला, आणि सवाष्णीचा पहिला घास क्षिप्राच्या तोंडात गेला.

"आगं, रीत..." अण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात कठड्यावर फडफड झाली.

"शिवला! कावळा शिवला!" दिलीप ओरडला. कावळ्याने भोपळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक अख्खा वडा उचलून तो डोंगराच्या दिशेने उडाला.

"बगा," पुतळाबाई फोटोकडे हात करून म्हणाल्या, "आत्याबाईंना ही बी रीत चालली. आता वाढा."

मग एकच झुंबड उडाली. सलिमा लिंबाचं सरबत घेऊन वर आली, सादिकला वडा आवडला, शहाजीभाऊजींनी तिसऱ्यांदा खीर मागितली. पुतळाबाई खाली जाऊन गोळ्या घेऊन आल्या आणि दोरीवरून हात लांब करून त्यांनी त्या सरोजिनीच्या ओंजळीत टाकल्या. "फोटो आता हितंच ऱ्हाऊ दे, तुज्याकडं," त्या जाता जाता म्हणाल्या. "मला रांधायचा कटाळा आलाय." सरोजिनीने मान हलवली, पण तिला हसू आवरलं नाही.

क्षिप्रा हावऱ्यासारखी जेवत होती. मध्येच थांबून तिने हळूच विचारलं, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "आई, अजून भीती वाटतेय?"

"वाटतेय ना."

"मग?"

"मग काय. वाटू दे." सरोजिनीने पाट तिच्या आणखी जवळ ओढला. "तू सरक इकडे. ऊन लागतंय तुला."